वार्षिक सभा जानेवारीतच का? ऊसतोडीला गेलेल्या सभासदांचा हक्क (चर्चा)

धागाकर्ता, नंदुरबार जिल्हा

खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या स्थानिक सभासद-समूहांच्या) गटावर परवा एका पंचांनी, म्हणजे मंडळीच्या निवडलेल्या कमिटीतील एकाने, लिहिले की, जी कुटुंबे नाताळालासुद्धा गावात नसतात आणि वर्गणी हंगाम संपल्यावर एकरकमी भरतात, त्यांनी मंडळीच्या कारभारात खोट काढू नये. जे हजर असतात तेच मंडळी चालवतात. त्या लिखाणाला अनेकांनी अनुमोदन दिलेले पाहून मला राहवले नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आमच्या तालुक्याच्या गावी मंडळीची वार्षिक सभा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर भरते. त्या वेळी पाड्यावरच्या बहुतेक ख्रिस्ती घरांना कुलूप असते. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रक येतो, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी भांडीकुंडी, कोंबड्या आणि धाकटी मुले घेऊन दक्षिण गुजरातेतील बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परततात. पिढ्यान्‌पिढ्या हे चालू आहे आणि एकाही पंचाला ते नव्याने सांगावे लागत नाही. तरीही पंचांची निवडणूक, अंदाजपत्रक, जागांचे करार हे सगळे जानेवारीतच उरकले जाते. गणसंख्या भरत नाही, अध्यक्ष सभा तहकूब करतात, लोक बाहेर चहा पितात आणि घटनेतील तरतुदीप्रमाणे अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी गणसंख्येच्या अटीविना पुन्हा सुरू होते. गेल्या सभेची हजेरीवही मी स्वतः पाहिली आहे. नावांपुढे लाल शाईने ‘बाहेरगावी’ असा शेरा आहे आणि तो पानामागून पान चालतो.

बायबलमध्ये आहे की, करिंथच्या मंडळीत काही जण आधीच जेवून घेत आणि कोणी उपाशी राही, तेव्हा पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगितले. आमच्या पंचांना चार महिने थांबणे का जमत नाही? माझी मागणी एवढीच आहे की, सभा आखाजी आणि मृग यांच्या मधल्या एखाद्या रविवारी घ्यावी. तेव्हा माणसे गावात असतात, हंगामाचा हिशोब झालेला असतो आणि पेरणी सुरू झालेली नसते.

माजी खजिनदार

आपण शिक्षक आहात, लेखणी चांगली आहे. परंतु मंडळी चालवण्याचा अनुभव आपल्याला नाही, हे प्रत्येक ओळीत दिसते. पाळकसाहेबांचे वेतन दर महिन्याला द्यावे लागते. विजेचे बिल दर महिन्याला येते. मे महिन्यात एकरकमी आलेली वर्गणी डिसेंबरचे वेतन देत नाही. माझ्या कारकिर्दीत एका वर्षी नोव्हेंबरपासून दानार्पणाच्या पेटीत चिल्लरच पडत होती, तेव्हा मी पत्नीचे दागिने बँकेत ठेवून पाळकसाहेबांच्या घरी पैसे पोहोचवले आणि त्याची वाच्यता आजवर कोठेही केली नाही. आज करावी लागली, कारण ‘चहा पितात’ असे लिहून आपण आम्हा सर्वांना चोर ठरवले आहे.

दुसरे असे की, मे महिना लग्नसराईचा असतो. पाळकसाहेब एका दिवशी दोन-दोन लग्ने लावतात, उन्हाचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि कंपाउंडातील विहीर तळाला गेलेली असते. अशा दिवसांत दुपारी तीन-चार तास सभा चालवून दाखवावी.

मुक्काम बारडोली

मी त्या लाल शेऱ्यांपैकी एक आहे. बी.ए. झालो आहे आणि दोन हंगाम कोयता धरतो आहे, कारण वडिलांनी घेतलेली उचल फिटायची आहे.

खजिनदार आप्पा, आपल्या पत्नीच्या दागिन्यांबद्दल मला आदर आहे. पण वर्गणीविषयी जे खरे आहे ते आपणही सांगा. मी गेल्या हंगामात दर महिन्याला फोनपेवरून वर्गणी पाठवण्याची तयारी दाखवली होती. उत्तर आले की, पावतीपुस्तकावर समक्ष सही लागते, आल्यावर भरा. म्हणजे महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायचे नाहीत आणि नंतर एकरकमी भरतो म्हणून बोल लावायचे.

आम्ही मंडळी सोडलेली नाही. पडावात (तोडकऱ्यांच्या झोपड्यांच्या तळावर) रविवारची सुटी नसते. गाडी भरली की दिवस संपला. तरी रात्री जेवणे झाल्यावर आठ-दहा घरे आमच्या झोपडीसमोर जमतात, पाचटावर ताडपत्री अंथरतात आणि आई ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक न उघडता गाणी सांगते, कारण पुस्तकाची पाने ओलीने चिकटली आहेत. एकदा तरी पाळकसाहेबांनी येऊन आम्हांला प्रभुभोजन द्यावे, अशी विनंती आम्ही केली होती. प्रवासखर्चाची तरतूद नाही, असे कळवण्यात आले.

आणि जे लिहायचे नव्हते ते लिहितो. माझे चुलते पडावात वारले. भाड्याच्या जीपमधून त्यांना रातोरात गावी आणले. कब्रस्तानात खड्डा खणण्याआधी आमच्याकडे थकबाकी भरल्याची पावती मागितली गेली. माझ्या चुलतीने अंगावरच्या लुगड्याच्या गाठीतून पैसे काढून दिले, तेव्हा कुदळ हलली.

माजी खजिनदार

ती पावती मागणारा मी नव्हतो. मी त्या वेळी पदावर नव्हतो आणि गावातही नव्हतो. जो प्रकार झाला तो लाजिरवाणा होता, हे मी तेव्हाही पंचांच्या तोंडावर म्हटले आहे. परंतु कोणा एकाच्या कठोरपणामुळे साऱ्या कमिटीवर असे शिंतोडे उडवणे मला मान्य नाही. फोनपेच्या बाबतीत मात्र आपले म्हणणे बरोबर आहे. बँक खात्यावर थेट पैसे घेण्यास काहीच अडचण नव्हती.

निवृत्त परिचारिका

मी उभी हयात मिशनच्या दवाखान्यात काढली. ऊसतोडीच्या बायका सातव्या-आठव्या महिन्यात ट्रकवर चढताना मी पाहिल्या आहेत आणि परत येताना रक्त कमी झालेल्या त्याच बायका तपासल्या आहेत. त्यांना सभेत आवाज असता तर मंडळीने त्यांच्या मागे राहणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहाची एक खोली केव्हाच उघडली असती.

परंतु सभा जानेवारीत का, याचे खरे कारण कोणीच लिहीत नाही. ते कारण म्हणजे रस्त्याकडेचे गाळे. महामार्गाचे चौपदरीकरण झाले, जागेचे मोल वाढले आणि कंपाउंडाच्या भिंतीला लागून बांधलेले गाळे ज्यांना दिले आहेत, त्यांचे करार जानेवारीतच पुढे चालू होतात. भाडे मात्र जवळपास पूर्वीचेच आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची (ट्रस्टची) बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणून करार ३ वर्षांचा करायचा आणि तोच पुन्हा पुन्हा वाढवायचा. वृत्तपत्रात निविदा नाही, सूचनाफलकावर कागद नाही.

गाळेधारक सभासद

ताई, मी आपल्याला आईसारखे मानतो, म्हणून जपून लिहितो. करार ३ वर्षांचा आहे आणि कायद्याच्या चौकटीत आहे. जेव्हा त्या जागी काटेरी बाभळी होत्या आणि रात्री लोक तिथे दारू पीत बसत, तेव्हा मंडळीकडे बांधकामाला पैसा नव्हता. अनामत रक्कम आम्ही दिली, त्यातून गाळे उभे राहिले आणि प्रार्थनामंदिरावरचे गळके पत्रे बदलले गेले. आज भाव वाढले म्हणून आम्ही लुटारू ठरलो? माझ्या दुकानात पाड्यावरची दोन मुले कामाला आहेत. ती उसाला जात नाहीत, याचे श्रेय कोणी देणार आहे का?

निवृत्त परिचारिका

पत्रे बदलले, हे खरे आहे, आणि त्याबद्दल आपले आभार तेव्हाच मानले होते. मी विचारते ते वेगळे. अनामत किती घेतली, ती परत करायची आहे की भाड्यात वळती होते, आणि तीन नूतनीकरणांत भाडे किती वाढले, हे लेखापरीक्षण अहवालात एका ओळीत ‘गाळे उत्पन्न’ म्हणून का येते? गाळ्यागणिक तक्ता दाखवा. मी तो तीन वर्षे मागते आहे.

गाळेधारक सभासद

तक्ता मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु आपल्याच पुतण्याने गाळ्यासाठी अर्ज केला होता आणि त्याला गाळा मिळाला नाही, हेही वाचकांना कळू द्यावे.

निवृत्त परिचारिका

कळू द्या. त्याचा अर्ज सूचनाफलकावर काही लावलेले नसताना, कोणाच्या तरी सांगण्यावरून केलेला होता. तो नाकारला गेला हे योग्य झाले, असे मी त्यालाही सांगितले. आता तक्ता द्या.

युवक संघाचा सदस्य

गाळ्यांच्या पैशांतून ध्वनियंत्रणा आणि की-बोर्ड आला, त्यामुळे तरुण मुले उपासनेला येऊ लागली, हेही कोणी म्हणावे. सर्व पैसा वाया गेला, असे चित्र रंगवू नये.

सेवानिवृत्त पाळक

बाळा, की-बोर्डला माझा विरोध नाही, परंतु त्याच्या आवाजात मंडळीचे गाणे ऐकू येत नाही. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांनी (१८६१–१९१९) आपल्या लोकांच्या भजनाची चाल उपासनेत आणली ती सर्वांना गाता यावे म्हणून. ते भजन पडावात पाचटावर बसून टाळीवर गायले जाते आणि इथे लोक गायकांकडे पाहत उभे राहतात, याचे मला दुःख आहे. असो, विषय सभेचा आहे.

मी चार मंडळ्यांत सेवा केली. जानेवारीच्या सभेत पवित्र असे काही नाही. माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले आहे की, मिशनरी थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन गावोगाव फिरत आणि त्याच वेळी मंडळ्यांची कामे उरकत, कारण पावसाळ्यात वाटा बंद असत. त्यांच्या सोयीचा महिना आपण धरून बसलो आहोत. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत वगळले जाते, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी ‘तुम्ही हजर का नव्हता’ असे विचारले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले आणि सात जण निवडून घेतले.

लग्नसराईची अडचण खजिनदारसाहेबांनी मांडली ती खरी आहे, मी स्वतः एका दिवशी तीन लग्ने लावून चक्कर येऊन पडलो आहे. परंतु रविवारी सकाळी कोणी लग्न ठेवत नाही, आणि लग्नांमुळेच त्या दिवसांत सगळे नातलग गावात असतात. सभा उपासनेनंतर लगेच, आठ-साडेआठला घ्यावी.

भुसावळचे सभासद

पूर्व खानदेशातून लिहितो. आमच्याकडे ऊसतोड नाही, रेल्वेची पाळी आहे. गार्ड आणि ड्रायव्हर घरी नसतात तो रविवार सभेसाठी ठरला, तर आमच्याकडेही आरडाओरडा होतो. म्हणून आम्ही सूचना महिनाभर आधी लावतो आणि तारीख पाळ्यांचे वेळापत्रक पाहून ठरवतो. मला एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. न्यासाचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, तर जानेवारीत तुम्ही कोणता हिशोब मंजूर करता? तो दहा महिने शिळा झालेला असतो आणि चालू वर्षाचा अजून बंद झालेला नसतो. कायद्याच्या दृष्टीनेही मार्चनंतरची सभाच सोयीची आहे. मेमध्ये लेखापरीक्षण पूर्ण होणार नाही, असे कोणी म्हणेल. तर निदान जमाखर्चाचा कच्चा ताळेबंद समोर ठेवता येईल.

धागाकर्ता

भुसावळच्या बंधूंचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो सर्वांत भक्कम आहे. पंचांची निवड बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. त्यावर हितसंबंधी सभासदाला हरकत घेता येते. जानेवारीत निवड झाली की ती मुदत एप्रिलपर्यंत जाते. आमची माणसे गावात पाऊल ठेवतात, तोवर अर्ज दाखल होऊन गेलेला असतो. हा योगायोग आहे, असे मी मानायला तयार आहे. पण मग तो मोडण्यास हरकत नसावी.

माजी खजिनदार

योगायोग मानता, हे बरे. मार्चच्या हिशोबाचा मुद्दा मला नाकारता येत नाही. मी खजिनदार असताना दर वर्षी हीच अडचण येत असे आणि मी ती तोंड दाबून सोसली. घटनेत सभेचा महिना लिहिलेला नाही, ‘वर्षातून एकदा’ एवढेच आहे. विशेष सभेच्या मागणीपत्रावर सभासदांच्या सह्या आणा, मी त्यावर पहिली सही करीन. माझी एक अट आहे. गाळ्यांचा विषय त्या सभेत आणू नये. त्याने भांडण होईल आणि तारखेचा ठराव बुडेल.

निवृत्त परिचारिका

गाळ्यांचा विषय त्याच सभेत येईल. ऊसतोडीची माणसे पहिल्यांदा सभेत बसणार आणि मंडळीच्या मोठ्या उत्पन्नाविषयी त्यांना विचारायचे नाही, तर त्यांना बोलावता कशाला? विषयपत्रिकेवर तारखेचा ठराव आधी घ्या, तो मंजूर होऊ द्या, मग तक्ता वाचा.

मुक्काम बारडोली

आमचा पट्टा (तोडीचा हंगाम) एप्रिलच्या अखेरीस संपेल, असे मुकादम म्हणतो. पडावातील सभासदांच्या सह्या मी येत्या दोन रविवारी घेतो; ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा आणि शेजारी दोन साक्षीदारांची नावे. मागणीपत्राचा मसुदा धागाकर्त्यांनी मला पाठवावा, आणि आप्पा, तुमची पहिली सही त्यावर घेऊनच पाठवावा.