युक्क्याला फुलं येतात, पण फळ का धरत नाही?

टिळकवाडीची माळीण: सासूबाईंनी लावलेला युक्का वीस वर्षं दारात आहे. वळीव पडला की तुरा येतो, घंटेसारखी पांढरी फुलं अगदी भरगच्च. आठवड्यात सगळी गळून अंगणात सडा. रोज झाडून काढताना बघते, एकाही देठाला गाठ धरलेली नसते. शेणखत, पाणी सगळं वेळेवर घालते. झाडात काही दोष आहे का?

खानापूरकर: ताई, झाड चांगलं आहे. त्याचा पतंग इथं नाही, एवढंच. युक्का मूळचा अमेरिकेकडचा, आणि तिथं त्याला फळ धरतं ते नखाएवढ्या पतंगांमुळे. मोहावी वाळवंटातला जोशुआ वृक्ष हाही युक्काच. त्याचे दोन पतंग, पश्चिमेकडे एक, पूर्वेकडे दुसरा.

मादीच्या तोंडाशी दोन वाकड्या सोंडा असतात. त्यांनी ती चिकट पराग खरवडते, गोळी करून हनुवटीखाली धरते नि दुसऱ्या फुलावर जाते. आधी बीजकोषात अंडी घालते, मग वर चढून फुलाच्या टोकाच्या खळग्यात पराग दाबून भरते. बाकी किड्यांच्या अंगाला पराग चुकून लागतो, ही मुद्दाम भरते बघा! कारण तिच्या अळ्या त्याच फळातल्या बिया खाऊन वाढतात. थोड्या खातात, बाकीच्या झाडाला राहतात. अंडी फार झाली तर झाड ते फूलच गाळतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगलमन यांनी 1872 मध्ये हे नातं ओळखलं, पुढं कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी तपशील लावला.

निपाणीचं रान: वाळवंटात अळी तगते कशी ओ? आमच्या तंबाखूच्या रानात नांगरताना तांबूस कोष वर येतात, तसं काही?

खानापूरकर: जवळपास तसंच. अळी फळाला भोक पाडून खाली उतरते, मातीत शिरून रेशमी घर विणते आणि आत पडून राहते. एक वर्ष, कधी त्याहून जास्त. पतंग होऊन वर आल्यावर मात्र आयुष्य थोड्याच दिवसांचं, आणि तेवढ्यात खाणं नाही.

ताई, फळ हवंच असेल तर तुम्हीच पतंग व्हा. संध्याकाळी काडीवर पराग घ्या, दुसऱ्या झाडाचा मिळाला तर बरं, आणि त्या खळग्यात दाबा.

टिळकवाडीची माळीण: काल रात्री बॅटरी घेऊन गेले. फुलं पूर्ण उघडलेली, मंद वास. इतकी वर्षं मी ती सकाळी गळल्यावरच बघत होते. मागच्या गल्लीतल्या झाडाचा पराग आणून सात फुलांना लावलाय, देठांना लाल दोरा बांधलाय.