नवी बॅटरीपण झोपली! सोमवारी पुण्यात पोचायचंय, मदत हवी आहे

घाटपायथा
दोन महिन्यांपूर्वी बॅटरी टाकली, आज सकाळी परत झोपली. सेल्फ मारला की नुसतं टक टक. शेजारच्या टेम्पोवरून जंपर लावून चालू केली, बाजारापर्यंत गेलो, तिथे बंद केली ती परत चालूच होईना. डॅशवरचा लाल बॅटरीचा दिवा कधी लागतो, कधी जातो. इथला मेकॅनिक म्हणतो नवीन अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) टाका, साडेआठ हजार, माल बुधवारी येईल. मला सोमवारी कामावर हजर व्हायचंय. खरंच गेलाय का, की हा मला कापतोय? लवकर सांगा.

सोलापुरी_चादर
गाडी कुठली? साल? पेट्रोल की डिझेल? आणि 'इथला' म्हणजे कुठला?

पिंपळपार
बॅटरी पाणी टाकायची आहे की बंद प्रकारची? मी एकच बॅटरी पाच वर्षं वापरतोय. दर महिन्याला टर्मिनलला व्हॅसलीन, बाकी काही नाही.

घाटपायथा
बॅटरीचं विचारतच नाहीये हो. वॅगनआर, २०१२, पेट्रोल, १ लाख ३० हजार किमी. दापोलीत आहे, गावच्या घरी.

तेलकट_हात
लाल दिवा नक्की कधी लागतो? रेस केल्यावर जातो का? आणि बॅटरी रात्रभर उभी राहून झोपते की चालवता चालवता? दोन्ही वेगळे आजार आहेत. रात्रीत उतरत असेल तर कुठेतरी करंट खातंय. अल्टरनेटरच्या आतला डायोड गेला तरी असं होतं, बंद गाडीत बॅटरीचा करंट त्यातून उलटा झिरपतो. चालवताना उतरत असेल तर चार्जिंगच होत नाहीये.
एक मल्टिमीटर मिळवा. गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर बघा, चांगली चार्ज असेल तर १२.६ च्या आसपास. मग चालू करून बघा, १३.८ ते १४.५ यायला हवं. इतकंच काम आहे, साडेआठ हजारांच्या गप्पा त्यानंतर.

जुना_खेळाडू
मीटर कशाला लागतो? गाडी चालू करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन चालू राहिलं तर डायनमो, म्हणजे तुमचा अल्टरनेटर, ठीक, बंद पडलं तर गेला. पद्मिनी असल्यापासून हेच करतोय.

तेलकट_हात
हे कृपया करू नका! चालू गाडीची बॅटरी काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं, त्यात ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) उडू शकतो. पद्मिनीत उडायला ईसीएम होता कुठे? इथे हजाराच्या दुरुस्तीचं बिल वीस हजारांवर जाईल.

जुना_खेळाडू
चाळीस वर्षांत एकही उडाला नाही. हल्ली मीटर घेतला की सगळे इंजिनियर.

फिलीकर
इथे अमेरिकेत पार्ट्सच्या दुकानात अल्टरनेटर फुकट तपासून देतात. मी मागच्या हिवाळ्यात स्वतः बदलला, पार्किंगमध्ये, उणे पाचात. दीड तासाचं काम. तुम्हीपण करा, मजा येते.

सोलापुरी_चादर
दापोलीच्या पावसात उघड्यावर, मजा येईलच.

घाटपायथा
दिवा रेस केली की मंद होतो, मग जातो. काल येताना चालवता चालवताच वायपर हळू झाले होते, स्टिअरिंगपण जड झालं होतं. शेजारच्या वायरमनकडून मीटर आणला. बंद गाडीला २६ दाखवतोय!! चालू करायची की नाही?

कोकणस्थ_पण_गरीब
स्टिअरिंग जड म्हणजे व्हील अलाइनमेंट बघा. पुढच्या टायरमध्ये हवा किती आहे? मी ३३ ठेवतो.

पिंपळपार
२६??? रेग्युलेटर गेला! गाडीला हात लावू नका, बॅटरी फुटेल.

तेलकट_हात
रेग्युलेटर चार्जिंगचं व्होल्टेज आवरतो, बंद गाडीत तो काय करणार? मीटरची कळ बघा. 'व्ही'च्या बाजूला नागमोडी रेघ असेल तर तुम्ही एसीवर (घरातल्या विजेच्या मापावर) लावलंय, स्वस्तातले मीटर तिथे दुपटीहून जास्त आकडा दाखवतात. सरळ रेघेच्या बाजूला, २० वर आणा.
आणि इथे जड स्टिअरिंगचा टायरच्या हवेशी काही संबंध नाही. या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे, व्होल्टेज पडलं की आधी तेच मान टाकतं. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

घाटपायथा
नागमोडीवरच होतं. आता बंद असताना ११.९. जंपरने चालू करून १२.०, रेस केली की १२.९ पर्यंत चढतं, सोडलं की खाली. स्टिअरिंगचा वेगळा प्रॉब्लेम वाटला म्हणून लिहिलं नव्हतं.

तेलकट_हात
आता मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला राहू द्या आणि लाल वायर अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या नटला लावा. सांभाळून, तो नट थेट बॅटरीशी जोडलेला असतो आणि शेजारी पट्टा फिरत असतो. तिथे १४ आणि बॅटरीवर १२ आलं तर मधली वायर, फ्यूज किंवा सडलेलं टर्मिनल. दोन्हीकडे १२ असेल तर अल्टरनेटर नाहीतर पट्टा. पट्टा अंगठ्याने दाबून बघा, साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, लुळा पडला तर घसरतोय. सकाळी चालू केल्यावर चिरकतो का?
आणि गाडी पाण्यातून घातली होती का?

घाटपायथा
नटवरपण १२. पट्टा ठीक वाटतोय. चिरकत नाही, पण गुरगुर येते, मला वाटलं रस्त्यामुळे. पाण्यातून हो, मागच्या महिन्यात खेडच्या अलीकडे. फार नाही, अर्ध्या चाकाच्या वर. पण त्यानंतर व्यवस्थित चालली की महिनाभर.

सोलापुरी_चादर
'फार नाही'!

तेलकट_हात
तिथेच झालं. गढूळ पाणी आत गेलं की कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे छोटे तुकडे) आणि ज्या तांब्याच्या रिंगवर ते घासतात ती, दोन्ही चिखलाने झिजतात. बेअरिंगचं ग्रीस धुतलं जातं, गुरगुर त्याचीच. महिनाभर चालून मग मरणं हे अगदी ठरलेलं. रेस केल्यावर थोडं चढतंय म्हणजे पूर्ण मेलेला नाही. नवीन घेऊ नका. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे उघडून कार्बन, बेअरिंग बदला, डायोड प्लेट आणि रेग्युलेटर तपासून घ्या.

कोकणस्थ_पण_गरीब
बॅटरी रात्रभर चार्जरवर लावा, सकाळी ताम्हिणीने निघा. दिवसा लाईट, एसी, ब्लोअर बंद. पोचाल.

तेलकट_हात
जुलैमध्ये? वायपर बंद ठेवून? ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, त्यावर वायपर, पेट्रोल पंप, इग्निशन, धुक्यात हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा. नुसते हेडलाइटच ९ अँपिअर खातात. तास-दीड तासात घाटाच्या मध्यावर इंजिन बंद, स्टिअरिंग लाकूड. कुटुंब बरोबर असेल तर हा सल्ला विसराच.

कोकणस्थ_पण_गरीब
मी आणलीये अशी, वरंध्यातून.

जुना_खेळाडू
पावसाळ्यात वरंधा चालू असतो का कधी?

फिलीकर
वरंध्याच्या वळणावरची कांदाभजी अजून मिळतात का? २००६ ला खाल्ली होती.

*(इथे घाटातल्या भज्यांवर अकरा प्रतिसाद झाले. भज्यांसाठी वेगळा धागा काढा, ही विनंती. – तेलकट_हात)*

घाटपायथा
पुढे काय झालं ते कळवतो. त्याच मेकॅनिककडून अल्टरनेटर नुसता उतरवून घेतला, ३०० दिले, तोंड वाकडं केलं त्याने. बॅटरीची निगेटिव्ह मी स्वतः आधी काढली. अल्टरनेटर बाजाराच्या पिशवीत घालून एसटीने खेडला नेला. कंडक्टरने विचारलं, काय आहे हो, लोखंड? लगेजचं तिकीट मात्र फाडलं नाही.
तिथे एक म्हातारेबुवा आहेत, आर्मेचर वगैरे भरतात. त्यांनी चार बोल्ट काढून टेबलावर आपटला तर आतून तांबडी माती पडली, वाळलेली. कार्बन तांदळाच्या दाण्याएवढे उरले होते. नवा शेजारी ठेवून दाखवला, बोटाच्या पेराएवढा. रिंगला चर पडला होता, तो लेथवर काढला. दोन्ही बेअरिंग बदलली, रेग्युलेटर आणि डायोड ठीक निघाले. १८५० रुपये, चहा त्यांचा. संध्याकाळी परत बसवला. आता चालू गाडीत १४.२, हेडलाइट-ब्लोअर लावून १३.९. दिवा नाही, गुरगुर नाही. बॅटरीला काहीच झालेलं नव्हतं. आणि दोन महिन्यांपूर्वी जी एक्सचेंजमध्ये दिली तिला तरी झालं होतं का, हा विचार मी करत नाहीये.

तेलकट_हात
ती बदलली ती पाण्यातून जायच्या आधी, तेव्हा ती तिच्या वयानेच गेली असेल. आता पुण्यात आल्यावर पट्टापण बदला, तोच चिखल त्याच्यावरही बसलाय. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, तुटला तर इंजिन तापेल.

जुना_खेळाडू
निगेटिव्ह काढून बघितलं असतंत तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.

पिंपळपार
टर्मिनलला व्हॅसलीन लावलंत ना?

रानपाखरू
विषय चाललाच आहे म्हणून इथेच विचारते. माझ्या गाडीचापण लाल दिवा लागतोय आणि मागच्या डिकीतून टक टक येतं. अल्टरनेटर असेल का?

सोलापुरी_चादर
गाडी कुठली? साल?