मदत हवी आहे: केअर सेंटरमधल्या आत्याला उन्हाळ्यात पाणीच पुरेसं मिळत नाहीये

नमस्कार. धागा लांबेल, पण घाबरले आहे, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

माझी आत्या, वय 81, दीड वर्षापासून कोल्हापूरच्या उपनगरातल्या एका खासगी केअर सेंटरमध्ये आहे. (नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.) तिने लग्न केलं नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, राजारामपुरीत दोन खोल्यांत राहिली. स्मृतिभ्रंश सुरू झाला आणि एकदा गॅस चालू ठेवून रंकाळ्याला निघून गेली, तेव्हा तिथे ठेवावं लागलं. मी पुण्यात. महिन्यातून दोन शनिवार जाते.

नेहमी सकाळी अकराला पोचते. तेव्हा वेणीफणी झालेली असते, खोली पुसलेली असते, सगळं छान दिसतं. परवा एस.टी. चुकली आणि पोचले दुपारी साडेतीनला.

बायकांची खोली म्हणजे बंगल्याच्या मागे काढलेली पत्र्याची शेड. सहा कॉट, दोन पंखे. पंख्याखाली उभं राहिलं तर गुऱ्हाळात चुलवाणापाशी उभं राहिल्यासारखी झळ लागत होती. आत्या झोपलीय असं वाटलं. हाक मारली तर डोळे उघडून परत मिटले. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, मधोमध चीर पडलेली. उशाशी टेबलावर स्टीलचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला, पाण्यावर धुळीचा पातळ थर. टेबल तिच्या उजव्या हाताला, आणि खांद्याला मार लागल्यापासून तिचा उजवा हात वर जात नाही. डाव्या हाताने भरलेला तांब्या तिला पेलत नाही. म्हणजे पाणी ठेवलं होतं, पण तिला मिळणार कसं?

चमच्याने पाजायला गेले तर तिने चमचा दातात धरून ठेवला. एक पेला संपायला वीस मिनिटं गेली. पाचच्या सुमारास माझ्याकडे बघून म्हणाली, "घंटा झाली का गं?" तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

कॉटच्या पायथ्याशी तक्ता लावलेला असतो. 8, 10, 12, 2, 4, 6 असे रकाने, "पाणी दिले" समोर बरोबरच्या खुणा. सहाच्या रकान्यातही खूण होती. तेव्हा घड्याळात पावणेचार वाजले होते.

दुपारी 22 माणसांमागे दोन मावश्या. त्यातली एक गारगोटीकडची पोरगी, नवीनच लागलेली. तिने हळूच सांगितलं, "ताई, जास्ती पाजलं की सारखं डायपर बदलाय लागतंय. दिवसाला तीनच मिळत्यात." मला तिचा राग आला नाही. घामाने निथळत होती, सकाळपासून बूड टेकलं नव्हतं तिचं. पण याचा अर्थ आत्याचं पाणी डायपरच्या हिशेबाने ठरतंय, आणि हे मला रात्रभर झोपू देत नाहीये.

मॅनेजर बाईंशी बोलले. म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसांना तहान नसतेच हो. आणि कोल्हापुरात कुठं एवढं ऊन? सोलापूरला जाऊन बघा." शेवटी, "पटत नसेल तर दुसरीकडे बघा." दुसरीकडे बघून झालंय. अंथरुणाला खिळलेलं आणि विसरभोळं माणूस म्हटलं की फोनवरच नाही म्हणतात.

तिला बीपीची गोळी आहे, त्यात लघवी जास्त होण्याचंही औषध आहे. मला विचारायचं हे की नेमकं मागायचं काय, पुण्यात बसून लक्ष कसं ठेवायचं, आणि तक्रार केली तर तिचा राग आत्यावर निघणार नाही अशी ती कुठे करायची? मे महिना अजून जायचाय.

प्रतिसाद:
ताई, मी 31 वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. मॅनेजर बाई अर्धंच खरं बोलल्या. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. म्हणूनच अशा माणसाला "पाणी हवं का" असं विचारायचं नसतं, वेळेवर पाजायचं असतं. स्मृतिभ्रंशात तर माणूस नाहीच म्हणतं.

डायपर सकाळपासून कोरडा असेल तर ती धोक्याची खूण समजा. लघवी गडद पिवळी होते, वास येतो. हाताची कातडी चिमटून बघायला सांगतात, पण या वयात ती तशीही सैल असते, त्यावर जाऊ नका. जीभ बघा, काखेत हात घालून बघा. काख कोरडी ठणठणीत असेल तर पाणी कमी पडलंय.

पाजताना आधी उठवून बसवा, हनुवटी किंचित खाली, एका वेळी एक घोट. पाण्याने ठसका लागत असेल तर दाटसर द्या. नाचणीची आंबील, दही, कलिंगडाच्या बिया काढलेल्या फोडी, हे सगळं पाण्यातच धरायचं. भरलेला तांब्या काढून टाका, दोन कानांचा हलका कप डाव्या हाताशी ठेवा.

गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, "पत्र्याच्या खोलीत आहे, उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का?" हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर दिवसाला किती पाणी ते आकड्यात लिहून घ्या. डॉक्टरांच्या सहीचा कागद असला की सेंटरला टाळता येत नाही.

आणि अंग भाजतंय, माणूस बरळतंय किंवा ग्लानीत आहे, ताप 40 अंश सेल्सियसच्या (104 फॅरनहाइट) घरात, तर थेट 108. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंग ओल्या कापडाने पुसत राहायचं, वर पंखा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. उष्माघाताचा ताप पॅरासिटामॉलने उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

प्रतिसाद:
मी जयसिंगपूरजवळ अशीच छोटी जागा चालवतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. मावशी टिकत नाहीत, दुपारी तर मिळतच नाहीत. तरी खुणा आधीच मारून ठेवणं अक्षम्य आहे, माझ्याकडे झालं असतं तर मी त्या तक्त्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली असती.

तुम्ही एसी मागू नका, लगेच "परवडत नाही" म्हणतील. दुपारी बारा ते पाच सहाही कॉट मूळ बंगल्याच्या तळमजल्यावर हलवायला सांगा, वर मजला असलेल्या खोलीत. फ्रान्समध्ये 2003 च्या ऑगस्टमध्ये उन्हाच्या लाटेत जवळपास 15,000 माणसं गेली, बहुतेक म्हातारी. त्यानंतर तिथल्या वृद्धाश्रमांना निदान एक गार खोली ठेवणं सक्तीचं झालं. सगळी इमारत गार नसली तरी चालते, माणसांना रोज काही तास गारव्यात न्यायचं. पत्र्यावर पांढरा चुना मारायला आणि वर हातभर अंतर ठेवून शेडनेट बांधायला फार खर्च येत नाही.

डायपर तुम्ही स्वतः नेऊन द्या, आत्यांच्या नावाने. मोजून. पाणी तोडायचं कारणच राहणार नाही.

प्रतिसाद:
वळिवाच्या वाऱ्यात तार तुटली की काय करतात तेही विचारा. 2017 साली अमेरिकेत फ्लोरिडात वादळाने एसी बंद पडला आणि एका नर्सिंग होममधली 12 माणसं गेली. हॉस्पिटल अगदी शेजारी होतं.

प्रतिसाद:
तक्रारीबद्दल. बरेच जण प्रांत कार्यालयातल्या ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणाकडे जायला सांगतील. 2007 च्या कायद्याखालचं ते न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून किंवा वारसांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे, सेंटरच्या कारभारासाठी नाही. तुम्ही आधी 14567 वर फोन करा, ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. मराठीत बोलतात. दुसरं, जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे लेखी अर्ज. तिसरं, आजारी किंवा दुर्बळ माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात येते. शहराच्या हद्दीत असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागात नोंदणी आहे का ते विचारा. पण त्याआधी सेंटरला एक साधं पत्र द्या आणि पोच घ्या. भाषा मऊ ठेवा, मुद्दे आकड्यांत लिहा.

आत्यावर राग निघेल ही भीती खरी आहे. म्हणून बाकीच्या पाच कॉटच्या नातेवाइकांना गाठा. सहा सह्यांचं पत्र गेलं की एकट्या तुमच्या आत्याचं नाव पुढे राहत नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धागा दोनदा वाचला.

आज सकाळी चार नातेवाइकांशी बोलणं झालं. इचलकरंजीचे एक काका फोनवर रडायलाच लागले. त्यांची बायको खिडकीकडच्या कॉटवर आहे आणि दुपारी ते कधीच गेले नव्हते. गडहिंग्लजच्या एक ताई सही करायला तयार नाहीत, जागा जाईल म्हणून. त्यांना आग्रह केला नाही. पत्रात तीनच गोष्टी मागितल्या: बारा ते पाच तळमजल्यावरची खोली, पाजल्यावरच तक्त्यात पेल्यांची संख्या आणि पाजणारीची सही, आणि दुपारसाठी तिसरी मावशी. तिच्या पगाराचा अर्धा वाटा आम्ही सही करणारी घरं उचलायला तयार आहोत.

डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलून दिला आणि दिवसाला दीड लिटर असं लिहून दिलं. दोन कानांचा कप लक्ष्मीपुरीत मिळाला, गुलाबी आहे, लहान मुलांचा. शनिवारी कप, डायपरचे दोन मोठे पुडे आणि भिंतीवर लावायचा तापमापक घेऊन जातेय, दुपारी तीनला. गारगोटीच्या त्या पोरीचं नाव पत्रात कुठेही येऊ दिलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. आत्या चमचा दातात धरते, तर कपाने पाजताना तेच करेल का? कोणी घरी असं पाजलं असेल तर नक्की लिहा.