हिवाळ्यात पुटिंग ग्रीनवर पडणारे बुरशीचे चट्टे: आता फवारावे की थांबावे?

मँचेस्टरकर

सप्रेम नमस्कार. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला असून उद्यानविद्येच्या शिक्षणानंतर सध्या मँचेस्टरजवळच्या, दाट झाडीने वेढलेल्या एका गोल्फ कोर्सवर सहायक ग्रीनकीपर (हिरवळीची निगा राखणारा) म्हणून काम करतो. आमच्या ग्रीनवरचे, म्हणजे चेंडू छिद्रात घालण्यासाठी अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरचे, गवत मुख्यतः पोआ ॲनुआ जातीचे असून त्यात अधूनमधून ब्राउनटॉप बेंट या दुसऱ्या गवताचे पुंजके आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून, विशेषतः दक्षिणेला आणि पूर्वेला उंच बीच वृक्ष असलेल्या ग्रीनवर, दोन-तीन सेंटिमीटर व्यासाचे गोल चट्टे दिसू लागले आणि बघता बघता त्यांतले काही तळहातापेक्षा मोठे होऊन एकमेकांत मिसळले. चट्ट्याचा मधला भाग फिकट पिवळट आहे, कडा तांबूस-नारिंगी आहे आणि पहाटे दव असताना त्या कडेबाहेर एक काळपट, भिजल्यासारखे कडे दिसते. तिथले पाते बोटांत धरून चोळले तर बुळबुळीत लागते. बेंटच्या पुंजक्यांना मात्र फारसे काही झालेले नाही.

येथील जुनी मंडळी याला सरसकट ‘फ्युझेरियम’ म्हणतात. यंदा ऑक्टोबरच्या अखेरीस, ग्रीन हिरवेगार दिसावेत या क्लबच्या कमिटीच्या आग्रहापोटी, नत्रयुक्त खताचा एक हात देण्यात आला होता. आता तीच मंडळी लगेच बुरशीनाशक मारा म्हणत आहेत. या थंडीत फवारणीचा खरोखर उपयोग होईल का, आणि लोहाच्या सल्फेटने हा रोग रोखता येतो असे जे ऐकू येते त्यात किती तथ्य आहे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

तृणवैद्य

तुम्ही केलेले वर्णन मायक्रोडोकियम निव्हाले या बुरशीशी तंतोतंत जुळते. पूर्वी हिची गणना फ्युझेरियम या प्रजातीत होत असे. १९८०च्या दशकात तिचे वर्गीकरण बदलले, पण ब्रिटनमधल्या ग्रीनकीपरांच्या तोंडी जुनेच नाव राहिले आहे. तरीही खात्री करून घ्यायची असेल तर चट्ट्याच्या कडेवरून, म्हणजे जिथे रोगट आणि निरोगी गवत भेटते तिथून, एक प्लग (माती-मुळांसकट गवताची छोटी दंडगोल वडी) काढा, ओलसर कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि रात्रभर खोलीच्या उबेत ठेवा. सकाळी पात्यांवर पांढरे, किंचित गुलाबी झाक असलेले कवकजाल (बुरशीच्या तंतूंचे जाळे) दिसले तर शंका उरत नाही.

या बुरशीला बर्फ लागत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. शून्य ते साधारण १५ अंश सेल्सियस तापमान आणि तासन्‌तास ओले राहणारे पाते एवढ्यावर तिचे भागते, आणि उत्तर इंग्लंडमध्ये ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत या दोन्हींची वाण नसते. पोआ ॲनुआ हे तिचे सर्वांत आवडते भक्ष्य आहे. बेंट त्यामानाने टिकाव धरते आणि फेस्क्यू हे गवत त्याहूनही चांगला. तुमच्या ग्रीनवर बेंटचे पुंजके शाबूत का आहेत, याचे उत्तर यातच आहे. उशिरा दिलेल्या नत्राने पाते लुसलुशीत होते, पेशीभित्ती पातळ राहते आणि बुरशीला आत शिरायला आयती वाट मिळते. ऑक्टोबरच्या अखेरचे ते खत चट्ट्यांचे एकमेव कारण नसेल, पण त्याने आगीत तेल ओतले हे निश्चित.

आता फवारणीविषयी. ब्रिटनमध्ये या रोगावरची दोन जुनी हुकमी हत्यारे आज हाती नाहीत. इप्रोडिओनची मान्यता युरोपीय संघाने २०१७ मध्ये नूतनीकृत केली नाही आणि २०१८ च्या जूननंतर त्याचा वापर थांबला; क्लोरोथॅलोनिलच्या बाबतीत तेच २०१९ मध्ये घडले आणि २०२० च्या मे महिन्यानंतर तेही बंद झाले. इप्रोडिओनमुळे चट्टे पडल्यानंतरही रोग आटोक्यात आणता येत असे, आणि तीच सवय अनेक क्लबांच्या अंगवळणी पडली आहे. सध्या जी द्रव्ये उपलब्ध आहेत ती बहुतांशी रोगाच्या आधी किंवा अगदी पहिल्या खुणेला वापरली तरच पैसे वसूल करतात. ॲझोक्झिस्ट्रोबिन किंवा टेब्युकोनॅझोलसारखे आंतरप्रवाही (वनस्पतीच्या आत शोषले जाऊन पसरणारे) घटक गवत वाढत असताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मुळांतून वा पात्यांतून नीट शोषले जातात. गवताची वाढ थांबल्यावर ती यंत्रणाच मंदावते. तुमच्यासारख्या परिस्थितीत फ्लुडिओक्सोनिलसारखे स्पर्शजन्य बुरशीनाशक अधिक सयुक्तिक आहे, कारण ते पात्याच्या पृष्ठभागावर राहून काम करते आणि त्याला वनस्पतीच्या वाढीवर अवलंबून राहावे लागत नाही.

माझे मत असे की, चट्टे अजून पसरत असतील आणि पुढच्या आठवड्यात सौम्य, दमट हवा असेल तर एक स्पर्शजन्य फवारणी करून निरोगी भाग वाचवावा. मात्र रोगाने झालेली खोलगट जागा तिने भरून येणार नाही. ती मार्च-एप्रिलमध्ये माती तापल्यावरच भरते, हे कमिटीला आत्ताच लेखी कळवून ठेवावे. एकाच गटातील द्रव्य पुन्हा पुन्हा मारू नये, लेबलवरील कमाल फवारण्यांची मर्यादा मोडू नये आणि फवारणी करणाऱ्याकडे आवश्यक प्रमाणपत्र असल्याची खात्री करावी.

ओंटारियोचा माळी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त एका गोष्टीची भर घालतो, कारण कॅनडातील माहिती वाचून ब्रिटनमधील लोकांचा अनेकदा घोळ होतो. आमच्याकडे ग्रीन तीन-तीन महिने बर्फाखाली असतात आणि तेथे या गुलाबी बुरशीच्या जोडीला टायफुला ही करड्या रंगाची बुरशीही असते. टायफुलाला बर्फाचे दीर्घ आवरण लागते. वसंतात बर्फ वितळल्यावर पात्यांवर मोहरीएवढ्या, तपकिरी किंवा काळ्या गाठी दिसल्या की ती ओळखता येते. याच कारणाने आम्ही पहिला पक्का बर्फ पडण्याआधी, नोव्हेंबरमध्ये, दोन किंवा तीन निरनिराळ्या गटांतील बुरशीनाशके एकत्र करून एकच भरभक्कम फवारणी देतो आणि मग वसंतापर्यंत ग्रीनकडे पाहत नाही. मँचेस्टरमध्ये पाऊस सुरू राहतो, गवत थोडे थोडे वाढत राहते, लोक खेळत राहतात आणि कापणीही होते. त्यामुळे तशा एका फवारणीचे संरक्षण काही आठवड्यांत धुऊन-कापून संपते. आमच्या पाककृतीची नक्कल तुमच्याकडे करू नये.

ओंटारियोत २००९ पासून शोभेसाठीच्या कीटकनाशकांवर बंदी आहे. गोल्फ कोर्सना तिच्यातून सवलत मिळाली ती एकात्मिक रोगव्यवस्थापनाची मान्यता घेणे आणि दरवर्षी वापराचा अहवाल प्रसिद्ध करणे या अटींवर. प्रत्येक फवारणी का केली हे लिहून दाखवावे लागल्यामुळे निम्म्या अनावश्यक फवारण्या कागदावरच गळतात, असे माझे निरीक्षण आहे.

मँचेस्टरकर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे प्लग पिशवीत ठेवला होता. सकाळी पात्यांवर गुलाबी झाक असलेले कापसासारखे जाळे आले होते, त्यामुळे निदानाचा प्रश्न मिटला. त्याच प्लगची उभी चकती कापून पाहिली तेव्हा वरचा तपकिरी, स्पंजासारखा थर जवळजवळ दोन सेंटिमीटर भरला आणि तो दाबल्यावर पाणी गळले. आमचे पाणी बोअरचे असून त्याचा सामू ७.८ आहे. लोहाच्या सल्फेटचे प्रमाण आणि वेळ यांविषयी कोणी नेमके सांगू शकेल का? कमिटीला ‘औषधाविना उपाय’ या शब्दांचे आकर्षण असल्याने त्या बाजूने काही ठोस मांडता आले तर बरे होईल.

तृणवैद्य

तुम्ही पाहिलेला तो स्पंजासारखा थर म्हणजे थॅच (मेलेल्या गवत-मुळांचा साठा); दोन सेंटिमीटर थॅच हीच तुमची मूळ व्याधी समजा. एक-सव्वा सेंटिमीटरच्या पुढे गेलेला थॅच पाणी धरून ठेवतो, बुरशीला उन्हाळाभर आसरा देतो आणि दंव वितळल्यावर सर्वांत उशिरा कोरडा होतो. त्यावर या महिन्यात काही करण्यासारखे नाही. हिवाळ्यात पोकळ दात्यांनी प्लग काढले तर छिद्रे महिनोन्‌महिने उघडी राहतात. आता फार तर बारीक भरीव दात्यांनी टोचून घ्या म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी खाली जाईल. वाळूचा थर चट्ट्यांवर ओढू नका, पाती खरचटून रोग पसरतो. प्लग काढणे, उभी कापणी (गवतात उभ्या शिरणाऱ्या पात्यांनी थॅच कापून काढणे) आणि नियमित पातळ वाळू यांचा कार्यक्रम मे ते सप्टेंबर असा आखावा.

लोहाविषयी उत्तम काम अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात झाले आहे, आणि तिथल्या ग्रीनवरही पोआ ॲनुआ व तुमच्यासारखाच ओला, सौम्य हिवाळा आहे. हेक्टरी सुमारे ४९ किलो फेरस सल्फेट (लोहाचे सल्फेट), म्हणजे चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅम, दर दोन आठवड्यांनी दिल्यावर बिगर-फवारणीच्या तुलनेत रोग लक्षणीय घटला. मात्रा दुप्पट केल्यावर नियंत्रण आणखी सुधारले, पण गवत काळे पडून विरळ होऊ लागले. म्हणून वरच्या मात्रेच्या मोहात पडू नये. हे काम प्रतिबंधक आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सुरू करून हिवाळाभर चालू ठेवावे लागते, आणि आत्ता उठलेले चट्टे त्याने बरे होणार नाहीत. तुमच्या पाण्याचा सामू जास्त असल्याने द्रावण टाकीत फार वेळ ठेवू नका. लोह गंजून तपकिरी गाळ बसतो आणि नोझल तुंबतात. पावसाचे पाणी साठवता आले तर तेच वापरा. काँक्रीटचे पदपथ आणि खेळाडूंचे पांढरे बूट यांवर डाग पडतात, एवढी सूचना आधी लावून टाकावी. पृष्ठभागाचा सामू चढला की ही बुरशी जास्त माजते, म्हणून चुना असलेली वाळू टाळावी आणि नत्र द्यायचेच असेल तर थोडे थोडे, अमोनियम सल्फेटच्या रूपात द्यावे.

‘औषधाविना’ म्हणून कमिटीला दाखवण्यासारखी खरी गोष्ट मात्र सकाळचे दव झटकणे ही आहे. पहाटे लांब, लवचिक काठी ग्रीनवरून फिरवली की पाणी पात्यावरून खाली पडते आणि ओलेपणाचे काही तास कमी होतात. पात्याच्या टोकाशी येणाऱ्या थेंबात गवताने बाहेर टाकलेल्या शर्करा असतात आणि बुरशीला तो फराळच असतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण रोज केले तर दिसण्याइतका फरक पडतो. कापणीची उंची ३ मिलिमीटरवर अडली असेल तर ती साडेचार-पाचपर्यंत चढवा, आणि ग्रीन गोठलेले किंवा चिखलट असताना त्यावर कोणाला जाऊ देऊ नका.

डेक्कनचा हौशी गोल्फर

पुण्यातही डिसेंबर-जानेवारीत आमच्या ग्रीनवर फिकट गोल ठिपके दिसतात. तोच रोग म्हणायचा का?

तृणवैद्य

बहुधा नाही. पुण्याकडचे ग्रीन सर्वसाधारणपणे बर्म्युडा जातीच्या उष्ण हवामानाच्या गवताचे असतात. पहाटे पारा उतरला की ते मंदावते आणि फिके पडते, पण दुपारी ऊन कडक असते. नाण्याएवढे ठिपके, दवाळ सकाळ आणि नत्राचा तुटवडा हे त्रिकूट असेल तर डॉलर स्पॉट या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाचा संशय घ्यावा. त्यात उपाय उलटा आहे: तिथे हलके नत्र दिल्याने ठिपके भरून येतात. दव झटकणे मात्र दोन्हीकडे लागू पडते.

मँचेस्टरकर, एक शेवटचा मुद्दा झाडांचा. तुमच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो. म्हणजे वीस मीटर उंच बीचची सावली साधारण ८५ मीटर लांब पडते. त्यामुळे ग्रीनला चिकटून असलेल्या एकाच वृक्षाची नव्हे तर मागच्या रांगेचीही गणना करावी लागते. आधी २१ डिसेंबरच्या आसपास, उजेड असेपर्यंत, दर तासाला ग्रीनवरील सावलीची छायाचित्रे काढा. त्यांवरून कोणत्या झाडाची विरळणी फायद्याची हे कमिटीला पटवता येते. नंतर स्थानिक परिषदेकडे त्या वृक्षांवर संरक्षण आदेश आहे का ते विचारा, कारण तो असेल तर परवानगीशिवाय फांदीही तोडता येत नाही आणि अर्जाला आठवडे लागतात.