मार्जिनल आणि वेलामेंटसला एकच कोड नको

गरोदरपणाच्या रिपोर्टमध्ये मार्जिनल इन्सर्शन (नाळ वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, कडेला जोडलेली) आहे तर ओ४३.१२ लावू का असं विचारलंय, तर प्लीज नका लावू, तो आयसीडी-१०-सीएममधे (आजार-निदानांच्या कोडची अमेरिकन यादी) वेलामेंटसचा कोड आहे म्हणजे नाळ वारेच्या बाहेर पडद्यात शिरते आणि रक्तवाहिन्या तिथे उघड्या राहतात, मार्जिनलमधे ती वारेच्या कडेलाच असते आणि ते सहसा ओ४३.१९ खाली घेतात. कोडला जोडायचा शेवटचा आकडा गरोदरपणाच्या तिमाहीचा, २० आठवड्यांना २, पण २८ पूर्ण झाले की ३, सोबत किती आठवडे झाले ते सांगणारा झेड३ए चा कोड पण लागतोच. रिपोर्टमधे नुसतं "ॲबनॉर्मल इन्सर्शन" असेल तर अंदाजाने भरू नका, डॉक्टरांना क्वेरी टाका, म्हणजे नक्की कुठलं ते लेखी विचारा. चुकीचा वेलामेंटस एकदा फाइलला चिकटला की बाई उगाच घाबरते हो, आणि खरा असून सुटला तर व्हासा प्रीव्हिया (उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडाशी येणं) बघायचा राहून जाऊ शकतो.