व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह आलीय, चौथा महिना चालू आहे

चौथा_महिना:
रुटीन रक्त दिलं होतं त्यात व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची पहिली रक्ततपासणी) रिअॅक्टिव्ह १:२ आलंय, म्हणजे पॉझिटिव्ह, मॅडम म्हणाल्या खात्रीसाठी टीपीएचए टेस्ट कर आणि मिस्टरांनापण घेऊन ये. म्हणजे सिफिलिसच ना? लग्नाला सहा वर्षं झाली, मला फोड नाही, खाज नाही, काहीच नाही. यांना सांगितलं तर माझ्यावरच उलटतील आणि माझ्या डोक्यात यांच्याबद्दल नको नको ते येतंय. त्यात सासूबाई फाइल उघडून बघतात.

लॅबवाला:
ताई आधी दम खा. ही टेस्ट जंतू पकडत नाही, कार्डिओलिपिन नावाच्या चरबीसारख्या पदार्थाविरुद्धच्या अँटीबॉडी पकडते, त्या मलेरियात, ल्युपससारख्या आजारात, कधी नुसत्या गरोदरपणातपण येतात. १:२ ला खोटी पॉझिटिव्ह निघू शकते. पण जुना दबलेला सिफिलिस असला तरी टायटर, म्हणजे हा १:२ सारखा आकडा, एवढाच कमी दिसतो, त्यामुळे टीपीएचए येईपर्यंत कोणी कायपण छातीठोक सांगितलं तरी ऐकू नका.

निशिगंध:
कॉमन संडासातून पण लागतं म्हणे??

सिस्टर_ओपीडी:
संडासातून नाही लागत हो. शरीरसंबंधातून लागतं, आणि आईकडून बाळाला. पहिली जखम बहुतेकदा दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते, बायकांना आतल्या बाजूला असली तर कळतसुद्धा नाही आणि मग आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो. म्हणजे टीपीएचए पॉझिटिव्ह आली तरी ते लग्नाआधीचं असू शकतं, दोघांपैकी कुणाचंही, त्यावरून आत्ता कोण बाहेर जातंय हे ठरत नाही. भांडायचं तर नंतर भांडा. उपचार नाही घेतले तर वारेतून बाळाला जातं, पोटात दगावतंसुद्धा. औषध जुनंच, बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट कमरेवर, कधी लागलं माहीत नसेल तर आठवड्याला एक असे तीन डोस. दुखतं चांगलंच 😅 पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा. मिस्टरांचीपण तपासणी हवीच, नाहीतर तुम्ही बऱ्या होणार आणि परत लागणार. सरकारी हॉस्पिटलात सुरक्षा क्लिनिकला (शरीरसंबंधातून लागणाऱ्या आजारांची ओपीडी) हे सगळं फुकट होतं.

चौथा_महिना:
पण यांना सांगू कसं?

सिस्टर_ओपीडी:
तुम्ही नका सांगू, मॅडमनाच सांगू दे. गरोदरपणात नवऱ्याचंपण रक्त तपासतो म्हणायचं, खोटं नाहीये ते. आणि तो कागद फाइलला लावू नका, पर्समध्ये ठेवा.

चौथा_महिना:
बरं. सोमवारी जातो दोघं. उपाशीपोटी जायचं का?

लॅबवाला:
नाही नाही, नाश्ता करून जा.