लॅपटॉप ९७ डिग्रीला जायलाय, अंडरव्होल्ट (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी) करू का?

परभणीकर: आय सेव्हन ९७५० एच वाला गेमिंग लॅपटॉप हाय, बाहेर ४३ डिग्री आन गेम लावला की पाच मिनिटात प्रोसेसर ९७ ला, मग क्लॉक (प्रोसेसरचा वेग) पडतो आन गेम अडकायलाय. कूलर समोर लावला तर कीबोर्ड दमट व्हायलाय. अंडरव्होल्टनं काही जळत बिळत नाही ना?

नांदेडी_गेमर: जळत नाही बाबा, व्होल्टेज कमीच करायलास की. वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत लागते म्हणून थोडं घटवलं तरी उष्णता बरीच उतरते आन क्लॉक वर टिकतो. थ्रॉटलस्टॉप ह्या सॉफ्टवेअरमधी कोअर आन कॅशे (प्रोसेसरचे भाग) दोन्ही मायनस ५० मिलिव्होल्टवर ठेव, तासभर खेळ, मग १०-१० नं खाली जा. निळी स्क्रीन आली की २० मागं ये. माझा मायनस १२० ला गेममधी नाही, परीक्षेचा फॉर्म भरताना बंद पडला!

लातूर_०२: आधी बायोस (लॅपटॉप चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) बघ. २०१९ च्या प्लंडरव्होल्ट ह्या इंटेल प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटीनंतर बऱ्याच लॅपटॉपांत अपडेटनं हे लॉक झालंय, स्लायडर हलतो, फरक शून्य.

परभणीकर: लॉक नव्हतं. मायनस ८० वर ८६ डिग्री. आन खालचं झाकण काढलं तर पंख्यातून कापसाची वातच निघली, घरामागं जिनिंग हाय ना.